डाव्या कानाखालचा तीळ

जरीपटका,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

मोहित,

फोनवर तू मला बंद केलंस, म्हणून हा कागद. बँकेच्या पत्त्यावर टाकतोय आणि पाकिटावर ‘खासगी’ लिहिलंय. तरी कोणी फोडलंच तर ते तू आणि तुझी बँक पाहून घ्या.

तुझं लग्न ठरल्याचं मला कोणी सांगितलं असेल? तुझ्या होणाऱ्या बायकोने.

घाम पुस. तिला काही माहीत नाही. तुलाही एक गोष्ट माहीत नाही, ती सांगतो. तुझी मयुरा गेली तीन वर्षं माझी चित्रकथा वाचते. शुक्रवारी ‘तिसरा मजला’चा नवा भाग नेटवर टाकला की पहिली कमेंट तिची असते. जपानी यावोई वाचता वाचता ती माझ्यापर्यंत पोचली. यावोई म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या चित्रकथा, हे मी तुला कितीदा समजावलं, आणि तू दरवेळी म्हणालास, “दोन पोट्ट्यांचं लफडं, आणि वाचते कोण, तर पोरी.” हो, पोरीच वाचतात. त्यातली एक बेसाला राहते, पॅथॉलॉजीत रक्त तपासते, आणि आठ मेला तुझ्याशी लग्न करणार आहे.

परवा तिचा मेसेज आला. “दादा, एक गंमत सांगू? माझं जुळलं. पोरगा सेम तुमच्या कथेतल्या निशांतसारखा आहे. मानेवरचा तीळ बी तिथंच.” खाली साक्षगंधाचा फोटो, अंगठी घालतानाचा. तू मरून रंगाचा कुर्ता घातलायस. तो आपण सीताबर्डीवर घेतला होता, आणि त्याची बाही माझ्या खोलीत इस्त्रीने थोडी जळली होती. फोटोत तू तो हात मागे घेतलायस.

आठवतं का तुला, तू पहिल्यांदा आमच्या फोटो लॅबमध्ये आलास तेव्हा बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढायला आला होतास. मी सवयीने तुझ्या मानेवरचा तीळ मिटवला. दिवसभर लग्नाच्या अल्बममधून लोकांचे तीळ, पुटकुळ्या, देवीचे व्रण काढणं हेच माझं काम. दुसऱ्या दिवशी तू भांडायला आलास. “माझा तीळ काहून काढला बे? फॉर्मवर ओळखीची खूण म्हणून तोच लिहिला आहे. आता मी मी नाही असं म्हणतीन ते लोक.” तुझी मान धरून, उजेडाकडे वळवून मी दुसरा फोटो काढला. त्यानंतरचे सात वर्षांचे रविवार तुला माहीत आहेत.

मला तुझा राग आलाय. नुसता राग. वाईट वाटायला अजून सुरुवात झालेली नाही.

सुशील


रविवार, २ मार्च २०२५

मोहित,

उत्तर नाही. ठीक. मग मीच सांगतो.

मयुरा रोज मेसेज करते. तुझं नाव घेऊन लाजत लाजत विचारते, “निशांतले काय आवडते दादा? मी विचार करून राहिली, ह्याले बी तेच आवडत असन.” पोरीची कल्पना पाहा. आणि मी तिला सांगतो. केसांना हात लावू नको, चिडतो. भरीत पानात वाढलं की आधी वास घेतो, तेव्हा हसू नको. आजारी असला की कोणी ‘कसं वाटतं’ विचारलेलं त्याला चालत नाही, नुसतं शेजारी बसायचं. सगळं निशांतच्या नावावर.

दोन दिवसांनी तिचा मेसेज येतो की चाललं. तू चकित होऊन विचारलंस म्हणे, “तुले कसं समजलं?” तिला वाटतं की तुमच्या पत्रिका जुळल्या आहेत. जुळल्याच आहेत, फक्त जुळवणारा गुरुजी वेगळा आहे.

मी हे का करतो, हा प्रश्न तुला पडेल. खरं सांगतो. तुझ्या अंगावर काटा यावा म्हणून करतो. तुझ्या घरात, तुझ्या ताटात मी बसलोय हे तुला कळावं म्हणून करतो. आणि दुसरं एक कारण आहे ते लिहायला लाज वाटते: तुझ्याबद्दल बोलायला माझ्याकडे दुसरं कोणीच नाही.

पोरगी चांगली आहे, हे लिहून ठेवतो. सगळे भाग तिने फोनमध्ये साठवून ठेवलेत आणि ते ती मला अभिमानाने सांगते. तिचं सगळ्यात आवडतं चित्र कुठलं ते ऐक. चौसष्टावा भाग. निशांतच्या घरी दिवाळीचा फराळ. सगळ्यांना चहा चिनी मातीच्या कपात आणि त्याच्या मित्राला तेवढा कागदी कपात. निशांत काही न बोलता मित्राच्या हातातला कागदी कप घेतो, आपला कप त्याला देतो, आणि आईच्या डोळ्यांत डोळे घालून कागदी कपातला चहा पितो. मयुराने खाली लिहिलं होतं, “नवरा असा पाहिजे.” दोन हजार पोरींनी तिला दुजोरा दिला.

धरमपेठेत, तुझ्या दिवाणखान्यात खरं काय झालं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. तुझ्या आईने मला कागदी कप दिला. माझं आडनाव ऐकल्यावर दिला. तू पाहिलंस, खाली मान घातलीस आणि आपला चहा संपवलास. जिना उतरताना म्हणालास, “आईचं वय झालं बे, मनावर नको घेऊ.” तुझी आई तेव्हा बावन्न वर्षांची होती.

बाकी सगळी चित्रकथा मी जशी घडली तशी काढली. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून भांडणं, गॅस संपणं, तुझं घोरणं. तेवढं एकच खोटं काढलं. पोरींना तेच आवडलं.

सुशील


रविवार, २३ मार्च २०२५

मोहित,

आलास तर. गुरुवारी दुपारी, हेल्मेट घालून, खाली दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळलेला. आमचे मालक बाबाराव गिऱ्हाईक समजले आणि म्हणाले, “पासपोर्टचे काढाचे का?” मला हसू आलं. तुला नाही आलं.

तू डोळ्यांखाली काळा पडलायस.

“तिले काय काय सांगितलं?” तू विचारलंस.

“तिनं विचारलं तेवढंच.”

“काहून करून राहिला तू हे?”

“तू सात वर्षं काहून येत होता?”

तू हेल्मेट काढलंस. म्हणालास, “होतं ते होतं. आता काहून उकरून राहिला? बाबाची रिटायरमेंट आहे, आईले बीपी आहे. ते सगळं नेटवरून काढून टाक.”

मी नाही म्हणालो. अठ्ठ्याण्णव भाग आहेत. दिवसभर लोकांच्या लग्नांवर हात फिरवून, उरलेल्या वेळात साडेतीन वर्षं काढलेले. माझ्या आयुष्यात मी दुसरं काही केलेलं नाही, मोहित. तुला बँक आहे, घर आहे, आता बायको येईल. माझ्याकडे ते आहे आणि तू होतास.

मग तू खुर्चीवर बसलास. हेल्मेट मांडीवर घेतलंस आणि दुपट्टा सोडलास. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. तू मानेवर बोट ठेवलंस. “मंग हा काढ. सगळ्या चित्रातून. तुझा धंदाच आहे ना तो. हा गेला की तो कोणाचाही चेहरा आहे. मले जगू दे गा.”

तुझ्या आवाजात रडणं होतं. सात वर्षांत मी तुला रडताना पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते या कारणासाठी.

काढतो म्हणालो. तू थँक्यू म्हणालास. जाताना बाबारावांनी विचारलं, “फोटो झाले का?” तू म्हणालास, “हो, झाले.”

सुशील


शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

मोहित,

काम पूर्ण झालं. पहिल्या भागापासून अठ्ठ्याण्णवाव्यापर्यंत एकेक चित्र उघडून तीळ मिटवला. कॉलरच्या आडून अर्धा दिसत होता तोही. पाठमोरा बसलेला असताना एका चित्रात नुसता ठिपका होता, तोसुद्धा. आज सकाळी सगळे भाग बदलून टाकले. कुठे डाग नाही, पुसल्याची खूण नाही. बाबारावांना दाखवलं असतं तर पाठ थोपटली असती.

तू सांगितलंस ते मी केलं. अगदी तू सांगितलंस तसंच. हे ध्यानात ठेव, पुढे बोलशील म्हणून लिहून देतोय.

मयुराला मी आठ दिवस उत्तर दिलेलं नाही. तिला बरं वाटेल असं माझ्याकडे काही उरलं नाही.

सुशील


गुरुवार, २४ एप्रिल २०२५

मोहित,

आज मयुरा लॅबमध्ये आली. पत्ता तिला चित्रकथेतूनच सापडला. खालचं फोटोचं दुकान, समोरचं सिंधी बेकरीचं शटर, बाजूचा दवाखाना, सगळं मी जसंच्या तसं काढलंय. मी तिला प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिलं. उंच आहे. दवाखान्याचा पांढरा कोट घडी करून हातावर टाकला होता.

“दादा, निशांतचा तीळ कुठं गेला?”

मी म्हणालो, “बदललं थोडं डिझाइन.”

“मले आधी वाटलं, माझा फोन खराब झाला. मंग माझ्याजवळचे जुने भाग काढून पाह्यले. त्याच्यात आहे. तुमच्याइथून गेला. सगळ्या चित्रातून गेला.” तिचा आवाज शांत होता. रिपोर्ट वाचून दाखवताना असतो तसा. “माणूस तीळ कवा लपवते दादा? कोणी ओळखीन, असं भेव वाटते तेव्हा. नाही तं मी कधीच त्यांचा फोटो बाजूले ठेवून पाह्यला नसता. मी तं गंमतच समजून राहिली होती.”

बाबारावांनी चहा मागवला. टपरीवरून आला, कागदी कपात. तिने त्याकडे बराच वेळ पाहिलं.

“ह्या कपाचं खरं आहे का?”

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. एवढं एक वाक्य बोललो असतो तर तिने बाकीचं पचवलं असतं, असं मला अजून वाटतं.

“नाही,” मी म्हणालो. “त्याने पाहिलं, आणि आपला चहा पिला.”

“मंग तो कप बदलला कोणं?”

“मी. चित्रात.”

ती हसली. मला ते हसणं नको होतं. “म्हणजे मी ज्याले हो म्हटलं, तो तुम्ही बनवला होता. माझ्या घरी बसून पोहे खाऊन गेला, तो दुसराच कोणी.” मग उठता उठता म्हणाली, “तुम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं मी कोण आहे ते. मी तुम्हाले दादा म्हणून राहिली होती. मले सांगाले तुमच्याजवळ तीन महिने होते. तुम्ही मले भरताचा वास शिकवत बसले.”

चहाला तिने हात लावला नाही.

आता तुला कबूल करतो. तिने सगळे भाग साठवलेत हे मला माहीत होतं, मी तुला ते लिहिलंही होतं, तू वाचलं नाहीस किंवा वाचून समजलं नाही. अंगावर तीळ असलेले दहा जण गावात सापडतात. तो एका दिवसात अठ्ठ्याण्णव भागांतून नाहीसा झाला तर वाचणारी पोरगी विचार करणारच. तू खुर्चीवर बसून मानेवर बोट ठेवलंस, त्याच क्षणी हे माझ्या डोक्यात आलं. मी गप्प बसलो, आणि काढतो म्हणालो.

सुशील


रविवार, १ जून २०२५

मोहित,

लग्न मोडलं, एवढं मला मेच्या सुरुवातीलाच समजलं होतं. मयुराने घरी काय सांगितलं ते तुझ्या फोनवरून कळलं. माझंच दुसरीकडे आहे, असं म्हणाली. बापाने हात उचलला, नातेवाइकांनी नाही नाही ते ऐकवलं, पण नाव तिने तोंडातून काढलं नाही. तुझंही नाही, माझंही नाही.

तिने माझ्या चित्रकथेखालच्या सगळ्या कमेंटी काढून टाकल्या. तीन वर्षांच्या. माझी उत्तरं तेवढी राहिली आहेत. “थँक्यू मयुरा.” “हो, पुढच्या शुक्रवारी.” “तू रडलीस हे वाचून मलाही रडू आलं.” कोणाशी बोलतोय ते कळत नाही. नवा भाग मी काढलेला नाही. बाकीच्या पोरी विचारतात, दोघं शेवटी एकत्र येतात ना.

आठ मेला, तुझ्या लग्नाच्या तारखेला, मी सुट्टी घेतली. कूलरची खस बदलली. भरीत केलं. तू येशील असं मला वाटलं. वाटलं खरं. दर रविवारी वाटतं. आता तुला कोणी अडवायला नाही, तू मोकळा आहेस, असा माझा हिशोब होता.

त्याऐवजी काल बँकेच्या नंबरवरून तुझा फोन आला.

“तू मले मोकळं केलं असं वाटून राहिलं का तुले?”

मी फोन घेऊन लॅबच्या बाहेर आलो.

“त्या पोरीचं मी काही बिघडवलं नव्हतं, तिनं माझं बिघडवलं नाही. तोंड बंद ठेवलं तिनं. तू असता तं नसतं ठेवलं. मी लग्न करीन सुशील, आणि असं करीन का तुले समजणार बी नाही. पोरगी पाह्यताना पहिले विचारीन, चित्रकथा वाचते का म्हणून.”

मी विचारलं, “माझ्यावर तुझं प्रेम होतं का?”

“होतं,” तू म्हणालास. एवढ्या चटकन म्हणालास की मी फोन घट्ट धरला. मग म्हणालास, “म्हणूनच सांगून राहिलो. आता तुझी किळस येते.”

सुशील


रविवार, ११ जानेवारी २०२६

श्री. मोहित यांस,

लग्नाच्या शुभेच्छा. चार डिसेंबर, लॉन कोराडी रोडचं, मुलीचं नाव पायल. मला समजणार नाही म्हणाला होतास, पण तुझ्या फोटोग्राफरचं अल्बमचं काम आमच्याकडे येतं हे तुला ठाऊक नव्हतं. शहरातल्या निम्म्या लग्नांचं येतं. सात वर्षांत मी जेवताना रोज कामाबद्दल बोलायचो, तू ऐकत नसायचास.

सोबत तुमचा ऑर्डर फॉर्म होता. ‘विशेष सूचना’च्या रकान्यात तुझं अक्षर: “नवरदेवाच्या मानेवर डाव्या बाजूला पांढरा डाग आहे, सर्व फोटोंमधून काढणे.”

पांढरा डाग म्हणजे काय ते मला आधी कळेना. फोटो मोठा करून पाहिला. मोहित, तू तीळ कापून काढलास. खराखुरा. कुठल्यातरी स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन मान पुढे केलीस आणि माझं काम स्वतःवर करून घेतलंस. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी खूण राहिली आहे आणि आता तीही तुला नको आहे. आणि ती काढायला फिरून फिरून माझ्याकडेच आली.

मी स्क्रीनसमोर रडलो. बाबारावांनी विचारलं काय झालं, मी म्हणालो डोळे दुखतात. फेब्रुवारीत तुला लिहिलं होतं की वाईट वाटायला सुरुवात झालेली नाही. त्या दिवशी झाली.

पायल गोड दिसते. प्रत्येक फोटोत तुझ्याकडे पाहते. तिने तुला पाहिलं तेव्हा तीळ गेलेला होता, म्हणजे तो तिला ठाऊक नाही. तुझी आई मात्र तिला सांगू शकेल. तुला नहाण घालताना तिने तो रोज पाहिलाय.

तुझं काम मी केलं. पांढरा डाग सगळ्या फोटोंतून काढला. आणि त्या जागी तीळ ठेवला. हळदीत, वरमालेत, सप्तपदीत, सासूबरोबरच्या फोटोत, बँकेच्या लोकांबरोबरच्या फोटोत. मापावं लागलं नाही. कानाच्या पाळीपासून माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा खाली, किंचित मागे. काल अल्बम छापून, बांधून तयार झाला. गेल्या दहा महिन्यांत पहिल्यांदा तू मला नीट दिसलास.

अल्बम घरी पोचला की बाबारावांना कळेल आणि माझी नोकरी जाईल. जाऊ दे. चित्रकथा काल रात्रीच मी नेटवरून काढून टाकली, सगळी. तुला हवं होतं ते तुला मिळालं. मयुराने फोनमधले जुने भाग पुसले असतील, तर आता निशांत कुठेही नाही. तो तीळ आता फक्त दोनच ठिकाणी आहे. एक म्हणजे तुझा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, ओळखीच्या खुणेच्या रकान्यात. त्याच्याशी तू आता जुळत नाहीस. आणि दुसरा हा अल्बम.

हे पत्र मंगळवारी दुपारी बँकेत तुझ्या टेबलावर येईल. अल्बम घेऊन आमचा माणूस त्याच वेळी धरमपेठेला जाईल. त्या वेळी तू घरी नसतोस, दार पायल उघडते. फोटोग्राफरकडून विचारून घेतलंय.

सुशील